भट्टीवर एकच तापमान सेट होणारा साधा कंट्रोलर आहे, ग्लास फ्यूजिंगला (काचेचे तुकडे तापवून एकमेकांत जोडायला) चालेल का?

नाही, रॅम्प-सोक प्रोग्रॅमवाला (तापवण्या-थंड करण्याचा वेग आणि धरून ठेवायचा वेळ टप्प्याटप्प्याने ठरवता येणारा) पीआयडी कंट्रोलरच (तापमान अचूक सांभाळणारा) लावा, कारण काच वितळवणं सोपं असतं, ती न तडकता थंड करणं अवघड, आणि साधा कंट्रोलर भट्टी जोरात तापवतो, सेट तापमानाला धरून ठेवतो आणि बस, चढताना-उतरताना वेग किती ठेवायचा हे त्याला सांगताच येत नाही. खिडकीच्या काचेचे 3 मिमीचे दोन थर असतील तर साधारण असं ठेवा:

- 550 अंशांपर्यंत ताशी 150 ने, मग थोडं जोरात
- 820-830 ला 10 मिनिटं
- तिथून पटकन 550 च्या आसपास उतरवून तासभर धरायचं (ॲनिलिंग, म्हणजे काचेतला ताण काढणं, हे अजिबात टाळू नका)
- मग ताशी 80 ने 370 पर्यंत, पुढे भट्टी बंद, झाकण उघडायचं नाही

के टाइप थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा सेन्सर) पुरतं, फक्त वायरी उलट्या जोडल्या तर भट्टी तापेल तसं रीडिंग खाली जातं, ते आधी तपासा. एलिमेंट (भट्टी तापवणारी तार) चालू-बंद करायला एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) चांगला, पण तो बिघडला की बऱ्याचदा चालूच राहतो, म्हणून वेगळा कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा स्विच) आणि ओव्हर-टेम्परेचर कटऑफ (तापमान फार वाढलं की भट्टी बंद करणारा) हवाच हवा. आणि एक, कंट्रोलर दाखवतो ते थर्मोकपलच्या टोकाचं तापमान, काचेचं नाही, त्यामुळे वरचे आकडे सुरुवातीचे धरा, टाकाऊ तुकड्यांवर एक-दोन ट्रायल घेऊन आपल्या भट्टीप्रमाणे बदला, आणि फ्यूजिंगसाठी बनवलेली काच असेल तर तिच्या कंपनीचंच शेड्यूल वापरा, तिचं ॲनिलिंग बरंच खाली असतं.