दुसरी अर्धी गाठ

रामबाग, इंदूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू आमच्या ओटल्यावर आलीस, ती गाठींची निळी-पिवळी मैत्रीची पट्टी, फ्रेंडशिप बँड, माझ्या मांडीवर टाकलीस, "काकू, हे माझ्या हातांना जमणारच नाही" म्हणालीस आणि निघून गेलीस. फाटकही उघडंच राहिलं. रात्री जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून पट्टी दिव्याखाली धरली. तुझ्या हातांत काही खोट नाही. पहिल्या दहा ओळी बघ, नक्षीतल्या बाणांची टोकं कशी नेमकी मध्यावर मिळालीत. अकराव्या ओळीपासून तू दुसरी अर्धी गाठ गाळायला लागलीस. एकदा नाही, ओळीत दोन-दोन ठिकाणी. जिथे गाळलीस तिथे गाठ बारीक दिसते, ओळ खचते, आणि पुढचा बाण तिरका जातो. मग तू तो तिरपेपणा झाकायला पुढचे धागे जोरात ओढलेस. एवढंच झालंय.

या पट्टीतली प्रत्येक गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी. पहिली धाग्याला जागेवर आणते, दुसरी त्याला तिथून हलू देत नाही. लबाडी अशी की पहिली बांधली की गाठ झाल्यासारखीच दिसते. झालेली नसते. सत्तरच्या दशकात आम्ही मॅक्रमे, म्हणजे नुसत्या गाठींचं विणकाम, शिकलो, सुतळीची शिंकी करून त्यात कुंड्या टांगायचो, त्यातही हीच दुहेरी गाठ. सुतळी जाड, त्यामुळे एखादी गाळली तर लगेच डोळ्यांत खुपायची. तुझा दोरा बारीक आहे, म्हणून लपवता येतं असं वाटतं.

तू म्हणशील, किती वेळ लागतो दोनदा बांधायला. हिशेब मीच करून देते. तुझे 8 धागे. एका ओळीत डावीकडून 3 गाठी, उजवीकडून 3, आणि मध्ये दोन्ही टोकांचे सारख्या रंगाचे धागे भेटतात ती 1. झाल्या 7. मनगटाला पुरेल इतकी नक्षी करायला साठेक ओळी धर. म्हणजे 420 गाठी, 840 अर्ध्या गाठी. यातली निम्मी मेहनत डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती वाचवायचा मोह होतो. वाचवू नकोस. दोनदा बांध.

आणि सहा मैत्रिणींना सहा पट्ट्या ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या, त्या फ्रेंडशिप डेच्या आत, हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं? सगळ्या पुण्याला, भोपाळला, कुठे कुठे निघाल्या, मला कळतंय. आता ताई म्हणते तशा अक्षरांच्या पट्ट्या करूया का, ते पटकन होतं का, असंही विचारत होतीस. नाही होत. नाव काढायचं म्हणजे मागचा एक धागा प्रत्येक ओळीत आडवा फिरवायचा, तो लवकर संपतो, मध्येच जोडावा लागतो. साधे बाण जमेनात तर अक्षरं काय जमणार? दोनच कर. उरलेल्या चौघींना पोहे खायला घाल.

रंग उलटे का येतात तेही विचारलं होतंस. जो धागा गाठ बांधतो त्याचाच रंग वर दिसतो, ज्यावर बांधतो तो आत दडतो. आतला धागा डाव्या हातात ताठ धर. तो सैल पडला आणि बांधणारा खेचला गेला, तर गाठ उलटते, आतला रंग बाहेर येतो. परीक्षेचं पॅड आता रिकामंच पडलं असेल ना? त्याच्या क्लिपमध्ये फास अडकव, म्हणजे हाताला ओढायला काहीतरी मिळेल. सराफ्यात दिवसा गेलीस तर पटव्याच्या दुकानासमोर थांबून बघ. मंगळसूत्र गाठवताना तो दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतो. मी लहानपणी आईबरोबर तासन् तास तिथे उभी राहायची. गाठ पक्की झाली की तो नखाने दाबून बघायचा, मगच पुढची. घाई करणारं गिऱ्हाईक आलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचा.

हे बघून मोठी झालेली मी, आणि तरी माझ्याच हातून झालं. घरातली मिलची नोकरी गेली तेव्हा मी आणि शेजारची एक मैत्रीण, आम्ही राख्यांच्या दोऱ्या विणून द्यायचं काम घेतलं. राजवाड्याजवळच्या एका व्यापाऱ्याचं, 40 डझनांचं. पहिले दहा डझन नीट केले. मग त्याने तारीख आठवडाभर अलीकडे आणली. मी दुसरी अर्धी गाठ सोडून द्यायला लागले. मैत्रीण समोर बसलेली, तिने एक दोरी उचलली, नखाने सरकवली, गाठ सरकली. "दुसरी कुठेय?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, राखी पौर्णिमेला बांधतात, दुसऱ्या दिवशी काढतात, कोण बघतंय. तिने माझ्या सगळ्या दोऱ्या बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला स्वतः जाऊन सांगितलं. त्याने माझे पैसे कापले.

चूक माझी होती, हे मी मान्य करते. पण घरात दोन मुलं, शाळेची फी, रात्री अडीचपर्यंत जागरण, हे तिला माहीत होतं. आधी माझ्याशी बोलायला हवं होतं तिने. व्यापाऱ्याकडे जायची काय गरज होती? आजही मला तसंच वाटतं. ती देवासला गेली. संक्रांतीला फोन येतो, तिळगूळ घ्या म्हणते, मीही म्हणते. त्या राख्यांवर आम्ही कधी बोललो नाही. तुला हे का सांगत बसले माहीत नाही. गाठीवरून आठवलं.

आता काय करायचं ते. अकराव्या ओळीपासून उसव. कात्री लावायची नाही. सुईचं टोक गाठीत घाल, शेवटची अर्धी गाठ आधी सोडव, मग पहिली. उलट्या क्रमाने. ओढाताण केलीस तर दोऱ्याचे सहाही पदर फुटून पिंजतात आणि मग तो धागा गाठीत नीट बसत नाही. एक तास लागेल, दीड लागेल. चिडलीस तर ठेवून दे, पण कात्री नको.

नवी पट्टी सुरू करशील तेव्हा एकेका रंगाचा चार हात लांब धागा घे आणि मध्यावर दुमड, म्हणजे चारच रंगांत 8 धागे होतात आणि वर फास आपोआप मिळतो. आठ मीटरच्या लडीत असे चारेक तुकडे सहज निघतात. रंग आरशासारखे मांड: लाल, पिवळा, हिरवा, निळा, मग निळा, हिरवा, पिवळा, लाल. दुकानात लाल घेताना ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघ, रंग सुटला तर परत दे. एकाच दिशेच्या तिरप्या रेघांच्या पट्टीपासून सुरुवात केली असतीस तर बरं झालं असतं, पण ती पिळते, कारण सगळ्या गाठी एकाच बाजूला झुकतात. बाणांत दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून तू बाण निवडलास हे चांगलंच केलंस, हे परवा सांगायचं राहिलं.

रविवारी सकाळी ये. निळी पट्टी माझ्याकडेच आहे, सुई मी शोधून ठेवते. आणि येताना फाटक लाव.

तुझी काकू