वाचक विचारतात : देवयानीचं अंतर नेमकं कुणी मोजलं?

प्रश्न : गॅलिलिओने पाहिलेले गुरूचे चंद्र १०×५० च्या द्विनेत्रीतून दिसतात, असं वाचलं. मला मात्र कसेबसे दोन दिसतात. चूक कुठे होते?

उत्तर : द्विनेत्री पुरेशी आहे, अडचण थरथरीची आहे. प्रतिमा दहापट मोठी होते तशी हाताची थरथरही दहापट जाणवते आणि चंद्राचा अंधुक ठिपका त्यात पुसला जातो. द्विनेत्री तिपाईवर बसवा, नाहीतर दोन्ही कोपरं कठड्यावर घट्ट टेकवा. आधी एखाद्या ताऱ्यावर फोकस साधा. तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की मग गुरूकडे वळा. चंद्र ग्रहाच्या दोन्ही अंगांना जवळपास एका रेषेत असतात. एवढं करूनही रोज चारही चंद्र दिसतीलच असं नाही. एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो, आणि सर्वांत जवळचा आयो बरेचदा गुरूच्या झळाळीत हरवतो. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओलाही तीनच दिसले होते. चौथा सापडला १३ तारखेला. रोज कागदावर ठिपके मांडत राहा. आयोची फेरी पावणेदोन दिवसांची, चौघांत सर्वांत दूरच्या कॅलिस्टोची जवळजवळ सतरा दिवसांची.

प्रश्न : खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचं अंतर मोजलं नाही, ते खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने मोजलं. मग त्यांचं नाव आधी का घेतात?

उत्तर : कारण मोजपट्टी त्यांची आहे. ताऱ्याचं अंतर काढण्यातली खरी अडचण ही, की मंद दिसणारा तारा मुळात मंद आहे की तेजस्वी पण दूर आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. लेविट यांनी हार्वर्ड वेधशाळेत छोट्या मॅजेलनिक मेघाच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेच्या, छायाचित्रांच्या काचा तपासल्या. त्या मेघातले सगळे तारे आपल्यापासून साधारण एकाच अंतरावर आहेत, म्हणजे तिथे जो ठळक दिसतो तो खरोखरच ठळक. १९१२ साली त्यांनी २५ सेफीड ताऱ्यांवरून (ठरावीक काळाने ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे) दाखवून दिलं, की तेज कमी-जास्त होण्याचा आवर्तनकाळ जितका मोठा, तितका तारा मुळात तेजस्वी. आता फक्त दिवस मोजायचे : आवर्तनकाळावरून मूळ तेज, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीत असा तारा मिळाला. आवर्तनकाळ सुमारे ३१ दिवस, आणि अंतर निघालं जवळपास नऊ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, एवढं त्यातून पक्कं झालं. आकडा मात्र फार कमी होता. सेफीड दोन जातींचे असतात हे तेव्हा माहीत नव्हतं, ते पुढे वॉल्टर बाडे यांनी शोधलं. हबलचा तारा त्यातल्या तेजस्वी जातीचा, धरलं होतं त्याच्या सुमारे चौपट तेजाचा. तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, त्यामुळे चौपट तेज म्हणजे दुप्पट अंतर. पुढच्या आणखी सुधारणांनंतर आजचा आकडा सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं आहे. चूक निघाली ती मोजपट्टीवरच्या आकड्यांत. लेविट यांचा नियम तसाच उभा राहिला, आणि म्हणूनच आम्ही त्यांचं नाव आधी घेतो.

प्रश्न : यानाबाहेर वजनच नसतं, मग अंतराळवीर दमतात कशाने?

उत्तर : पोशाखाशी झुंजून. बाहेर निर्वात, आत दाब, त्यामुळे पोशाख फुगून ताठ होतो आणि प्रत्येक बोट वाकवायला जोर लागतो. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यांना पोशाखातला दाब कमी करूनच यानात परतता आलं. दुसरी अडचण आधाराची : पाय रोवलेले नसतील तर पाना फिरवताना माणूसच फिरतो. जून १९६६ मध्ये यूजीन सर्नन याच धडपडीत घामाने निथळले, आणि शिरस्त्राणाच्या काचेवर बाष्प धरून त्यांना दिसेनासं झालं. नोव्हेंबरात बझ ऑल्ड्रिन पाण्याखाली सराव करून गेले. त्यांच्यासाठी यानावर जास्तीच्या मुठी होत्या, पाय अडकवायला खोबणी होत्या आणि मध्ये ठरवून विश्रांती होती. त्यांनी नेमून दिलेली कामं न दमता पूर्ण केली.