डिझेल फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर सुरू होत नाही, काय करावं?

लाईनमध्ये हवा धरली आहे. स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हातपंप मारा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपाच्या (नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप) स्क्रूवर करा. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडचे पाईपचे नट सैल करून स्टार्टर मारा, डिझेल उडालं की आवळा. हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं इंजिन) नट अजिबात सोडू नका. हवा पुन्हा धरली तर फिल्टरचं रबर रिंग तपासा. बहुतेकदा जुनंच बसवलेलं किंवा दुमडलेलं असतं.