उत्तर: डीएनए ओरिगामीचे स्टेपल खरेदीत अडकलेत

दर्यापूरच्या ताई, ‘स्टेपलची फाईल तीन टेबलांवर फिरतेय, प्रोजेक्टची पोरं खोळंबलीत’ हे तुमचं वाचलं अन् जखमेवरची खपलीच निघाली. आमचंही कॉलेज तालुक्याचंच. डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून नॅनो आकार बनवणं; त्याचं डिझाइन, त्याचं कॅडनॅनो सॉफ्टवेअर तुम्हाला येतंच, ते सोडतो.

पॉल रोथमंड या शास्त्रज्ञाच्या 2006 च्या पद्धतीत एम13 या विषाणूचा 7249 बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) एक लांब धागा अन् त्याच्या घड्या धरून ठेवणारे 200 हून जास्त आखूड धागे, तेच स्टेपल. सगळे मिळून वस्तू एकच. आमच्या खरेदी विभागानं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) प्रत्येक आखूड धागा वेगळी ‘बाब’ धरला. बाबनिहाय तीन कोटेशन, बाबनिहाय तुलनात्मक तक्ता, अन् ज्या ओळीत जो स्वस्त त्याला ती ओळ. म्हणजे या धाग्यांतून बनणाऱ्या एकाच चौकोनाचे अर्धे धागे या कंपनीचे, अर्धे त्या! दमणीचं एकेक चाक वेगळ्या गावच्या सुताराकडून करून घ्यावं तसं. कसंबसं समजावलं, तर नवी त्रुटी: ‘सदर डीएनए कोणाचा? संमतीपत्र जोडावे.’ अहो बाप्पा, तो मशीनवर रसायनांतून जोडलेला, त्यात ना रक्त ना लाळ! खुलासा दिला, तर बाबू रजेवर. 31 मार्च उलटला, अनुदान परत गेलं. पोरांनी शेवटी कपाशीच्या पानांतून डीएनए काढून प्रोजेक्ट उरकला.

म्हणून मागणीपत्रात ओळ एकच ठेवा: ‘कृत्रिम ऑलिगो संच, 96 खणांच्या प्लेट्समध्ये, 1 संच’ (ऑलिगो म्हणजे हेच आखूड धागे). धाग्यांचे बेसक्रम परिशिष्टात. मानवी किंवा प्राण्याचा नमुना नाही, हे पहिल्याच पानावर. तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात. लेखापालांना आधी विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. धागे साधे डीसॉल्ट केलेलेच (फक्त क्षार काढलेले) घ्या, रोथमंडनंही शुद्ध केलेले वापरले नव्हते. अन् पहिल्याच खेपेला विदर्भाचा नकाशा वगैरे नको, हे माझं ठाम मत. रोथमंडच्या शोधनिबंधात छापलेला चौकोन घ्या, क्रम तयार मिळतात.

सुके धागे आपल्या उन्हाला दाद देत नाहीत. एम13 मात्र द्रावणात येतो, तो आवक-जावकच्या टेबलावर शनिवार-रविवार पडू देऊ नका.

घड्या पडाव्यात म्हणून धाग्यांचं मिश्रण मशीनमध्ये 95 अंशांवरून सावकाश थंड करताना लाईन गेली तर? मशीनच्या नादी लागू नका. थर्माकोलच्या डब्यात उकळतं पाणी, त्यात घट्ट झाकणाच्या ट्यूब, रात्रभर तसंच. चौकोनाला हे चालतं. भरीव त्रिमित आकारांना कित्येक दिवस सावकाश थंड करणं लागू शकतं, त्यांचं मी सांगत नाही.

चौकोन बनला का ते तपासायच्या जेलच्या बफरमध्येही (द्रावणात) मॅग्नेशियम टाका, नाहीतर बनलेला चौकोन तिथंच उसवतो. जेलची टाकी बर्फात ठेवा. अन् नागपूरला एएफएमची (नॅनो आकार दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) वेळ धागे यायची वाट न पाहता आत्ताच मागून ठेवा, तिथलीही रांग मोठी असते.