तीव्र कुपोषित मुलावर घरीच उपचार करणं धोक्याचं नाही का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: शेजारच्या दीड वर्षाच्या मुलीचं कुपोषण ‘तीव्र’ गटात निघालं, आरोग्य सेविका म्हणते भरती करायला नको, उपचाराच्या शेंगदाणा पेस्टची पाकिटं देऊन घरीच बरी होईल, आणि तुम्हाला शंका येते की ही टाळाटाळ तर नाही?

मी बालरुग्ण विभागात परिचारिका होते, नंतर सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. माझं उत्तर: टाळाटाळ नाही. अशा बहुतेक मुलांसाठी घर हीच योग्य जागा आहे. मात्र सेविकेने मुलीला आधी नीट तपासलेलं हवं. सगळी मेख त्या तपासणीत आहे, पाकिटात नाही.

आधी रुग्णालयाबद्दलचा गैरसमज. तीव्र कुपोषण म्हणजे भरती, हा नियम जगभर अनेक दशकं चालला. तरी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं की रुग्णालयांत दगावणाऱ्या अशा मुलांचं प्रमाण पन्नास वर्षांत फारसं हललंच नव्हतं, सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्के. भरती होणारी मुलं जास्त आजारी असतात हे खरं, पण चुकीचे उपचार हेही मोठं कारण होतं: सुरुवातीलाच भरमसाट आहार, गरज नसताना शिरेतून सलाईन, घाईने दिलेलं लोह. शिवाय प्रतिकारशक्ती संपलेलं मूल वॉर्डात ठेवलं की शेजारच्या खाटेवरचा जुलाब त्याला गाठतो. आणि आई? घरी आणखी दोन मुलं, मजुरी बुडते, ती तीन-चार आठवडे तिथे बसणार कशी? ती मधेच मूल घेऊन निघून जाते. तिला ‘बेजबाबदार’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला तरी तिचा हिशेब बरोबर वाटायचा.

चित्र पालटलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. फ्रेंच आहारतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि उद्योजक मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं यांचं मिश्रण तयार केलं. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही, फ्रिज नको. उपचारासाठी वापरायचं दूध मात्र पाण्यात कालवावं लागतं आणि ते नासतं, म्हणूनच ते वॉर्डातच देता येत होतं. पेस्ट आली आणि उपचार घरी नेता आला. स्टीव्ह कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी इथिओपिया, मालावी, सुदानमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी संयुक्त निवेदन काढून या पद्धतीला मान्यता दिली.

आता तपासणी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे दंड मोजायच्या रंगीत पट्टीवर लाल, तर तीव्र कुपोषण. (उंचीच्या मानाने वजन पाहूनही ठरवतात, पण गावात पट्टीच जास्त कामाची.) पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, न आवळता लावायची. दुसरी खूण सूज. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून ठेवायचा, खळगा राहिला तर तेही तीव्र कुपोषणच, मग मूल कितीही गुटगुटीत दिसो. ही खूण सर्रास निसटते, कारण सुजलेलं मूल घरच्यांना ‘भरलेलं’ वाटतं.

यानंतरचा प्रश्न: घर की रुग्णालय? सगळं उलटून टाकणं, झटके, सुस्ती किंवा शुद्ध हरपणं, पिता न येणं, छाती आत ओढली जाणं, खूप ताप किंवा अंग गार पडणं, वर चढलेली मोठी सूज, यांतलं एकही असेल तर तडक रुग्णालय. यांतलं काही नसेल तर भूक तपासणी. शांत जागी आईने हात धुऊन मुलाला मांडीवर घ्यायचं, पेस्ट थोडी थोडी द्यायची, सोबत कपाने पाणी. जबरदस्ती करायची नाही. वजनानुसार ठरलेलं प्रमाण त्याने खाल्लं तर घरी, नाही खाल्लं तर रुग्णालयात.

लोकांना ही तपासणी बालिश वाटते. पण उपासमारीत शरीर आपला खर्च कमी करतं: पेशींतून सोडियम बाहेर काढण्याचं काम मंदावतं, पोटॅशियम निसटतं, हृदय आणि यकृत कमी ताकदीने चालतात. अशा मुलाला आतून मोठा संसर्ग असला तरी ताप येतोच असं नाही. बाहेरून दिसणारी खूण बऱ्याचदा एवढीच, की ते खात नाही. अशा मुलाला घरी पेस्ट भरवत बसणं हाच खरा धोका. रुग्णालयात त्याला आधी कमी ताकदीचं दूध, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं देतात, कारण एकदम भार आला तर हृदय झेपवू शकत नाही.

घरच्या उपचाराचं गणित सोपं आहे. दर किलो वजनामागे दिवसाला १५० ते १८५ कॅलरी. मुलगी ७ किलोची असेल तर साधारण १०५० ते १३०० कॅलरी, म्हणजे ५०० कॅलरींची (९२ ग्रॅमची) दोन ते अडीच पाकिटं. अंगावर पीत असेल तर आधी दूध, मग पेस्ट. तोंडाने अमोक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा कोर्सही बहुधा असतो. मालावीतल्या अभ्यासात प्रतिजैविकाने मृत्यू घटले, नायजरमधल्या अभ्यासात पोषण सुधारण्यात फरक दिसला नाही, म्हणून वाद आहे. तो डॉक्टरांवर सोडा.

दर आठवड्याला वजन मात्र व्हायलाच हवं. दिवसाला किलोमागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ चांगली, म्हणजे ७ किलोच्या मुलीचं आठवड्यात पाव किलोच्या आसपास. सूज असलेल्या मुलाचं वजन मात्र आधी उतरतं, कारण पाणी निघून जातं. तेव्हा आया घाबरून उपचार सोडतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. वजन हलत नसेल तर मी सेविकांना पहिला प्रश्न विचारायला लावायचे, ‘घरात आणखी किती लहान मुलं आहेत?’ पाकीट भावंडांत वाटलं जातं. कोणती आई एकाला देऊन दुसऱ्याला बघत बसवेल? तिला रागावून काही होत नाही, घराला जास्तीचं धान्य मिळवून देता आलं तर होतं. दंडाचा घेर १२५ मिलिमीटरला पोहोचला, सूज नाही आणि हे लागोपाठ दोन भेटींत टिकलं, की उपचार थांबवतात.

सेविकेला हे जमतं का? बांगलादेशातल्या भोला जिल्ह्यात गावातल्या कार्यकर्त्यांनीच उपचार केले, २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के मुलं बरी झाली आणि मृत्यू ०.१ टक्का. मालीमध्येही उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण आरोग्य केंद्रापेक्षा कार्यकर्त्यांकडे कमी निघालं, साहजिकच, गावातली कार्यकर्ती दाराशी असते. दक्षिण सुदानमध्ये तर लिहिता-वाचता न येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी रंगांचे पट्टे असलेला वजनकाटा केला गेला, रंग पाहून किती पाकिटं ते कळतं. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रशिक्षण आणि नियमित देखरेख असेल तर सेविकांनी हे काम करावं असं म्हटलं आहे. देखरेख हा शब्द सगळे वाचतात आणि विसरतात. जिच्याकडे आधीच लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षण आहे, तिच्यावर हेही लादायचं आणि मानधन तेच, हे मला पटत नाही.

घरी अशी पेस्ट करून द्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. बऱ्या मुलाला खाऊ म्हणून खुशाल द्या, पण उपचार म्हणून नको. पोटॅशियम, जस्त, मॅग्नेशियम यांचं मोजलेलं प्रमाण घरी साधत नाही. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला पाकीटही नाही, तिथे स्तनपान तपासायला हवं.

शेजारणीला सेविकेकडून एवढं विचारून घ्यायला सांगा: दंडाचं माप किती आलं, पावलं दाबून पाहिली का, मुलीने तुमच्यासमोर पाकीट खाल्लं का, पुढचं वजन कोणत्या वारी, रात्री बिघडलं तर कुठे न्यायचं, आणि पुढच्या आठवड्याची पाकिटं आत्ता हातात आहेत की ‘येणार आहेत’.