कवेलू काढून खाली सोडलेला माणूस

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

परवा धुऱ्यावर बसून तू जे सांगितलंस, त्यावर मी तेव्हा फारसं बोललो नाही. तुझा आवाज भरून आला होता, आणि तिकडून फवारणीवाले हाका मारत होते. असल्या गोष्टीला घाईत उत्तर दिलं की ते तोंडदेखलं होतं. म्हणून आज सवडीने लिहायला बसलो.

मला समजलं ते असं. बाबांच्या कापसाचा चुकारा बँकेत जमा झाला, कार्ड तुझ्याजवळ होतं, आणि त्यातले 18,000 रुपये तू मोबाइलवरच्या रमीत घालवलेस. बाबांना वाटलं, व्यापाऱ्यानेच कमी दिले. ते त्याच्याशी भांडले, शेवटी सावकाराकडून पैसे काढून बियाणं आणलं. दिवाळीनंतर ते गेले, आणि खरं काय ते त्यांना कळलंच नाही. तू उपास धरलेस, रडून प्रार्थना केल्यास, प्रत्येक सभेत पुढे जाऊन डोक्यावर हात ठेवून घेतलेस. तरी झोप नाही. त्यात कोणी तुला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतो, म्हणून तुला क्षमा मिळत नाही.

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण हे वाक्य चुकीचं आहे, आणि तुझ्यासारख्या पोराला ते आणखी खोल ढकलतं. पापाची भीती होतीच, आता विश्वासाचीही भीती बसली.

तुला आतापर्यंत न सांगितलेलं एक सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी एका अडत्याकडे काट्यावर वजन मांडायला होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची तूर आली, बारा पोती. मी पोत्यामागे दोन किलो कमी लिहिले. चोवीस किलोचे पैसे माझ्या खिशात आले. त्याला वाचता येत नव्हतं. पावतीची घडी करून त्याने ती टोपीत ठेवली आणि मला म्हणाला, "पोरा, तू हायेस म्हून बरं हाय, नाहीतर आमाले कोन इचारते?" ती घडी मला कित्येक वर्षं दिसत राहिली. मी दर रविवारी दानाच्या थैलीत जास्त पैसे टाकायचो. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस एक वेळ जेवायचो. मनातल्या मनात हिशोब चालायचा की अजून किती टाकले म्हणजे फिटेल. तो हिशोब कधी फिटला नाही.

तेव्हा युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक घडवणारी शाळा, यवतमाळला होती, 1983 साली ती पुण्याला गेली. तिथला एक केरळचा विद्यार्थी आमच्या मंडळीत उपासना घ्यायला यायचा. 1981 चा मे महिना असेल. पावसाच्या आधी आम्ही देवळाचे, म्हणजे आमच्या चर्चचे, कवेलू फेरत होतो आणि तोही वर चढला होता. एकेक कवेलू उचलायचा, खालची माती झाडायची, फुटका असेल तर बाजूला ठेवायचा, चांगला परत बसवायचा. एका कवेलूखालून इंगळी निघाली तेव्हा तो बत्त्यावरून पडता पडता वाचला. दुपारी तिथंच छपरावर बसून भाकर खाताना मी त्याला तुरीची गोष्ट सांगून टाकली. का सांगितली ते मलाही कळलं नाही. कदाचित तो परगावचा होता म्हणून असेल.

त्याने उपदेश केला नाही. आम्ही कवेलू काढून ठेवलेली जागा दाखवली. खाली देवळाची फरशी दिसत होती. मोडक्या हिंदीत म्हणाला, "बायबलात लूकच्या पाचव्या अध्यायात तो पक्षघाती, लकवा मारलेला माणूस, असाच खाली आला." मार्क त्याच्या शुभवर्तमानात लिहितो की छप्पर उकरलं, बाज वाहणारे चौघे होते. लूक तर चक्क कौलांचं नाव घेतो. घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी कौलं काढली आणि बाजेसकट माणूस थेट येशूपुढे सोडला. पुढे काय लिहिलं आहे ते आज पुन्हा उघडून बघ. येशूने त्यांचा विश्वास पाहिला आणि त्या माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. त्या "त्यांच्या"त पक्षघातीही धरला असेल. पण त्याच्या तोंडी तोवर एक शब्द नाही. त्याने किती जोराने विश्वास ठेवला, हे कोणी मोजलं नाही. त्याने स्वतःला खाली सोडू दिलं, एवढंच त्याच्या बाजूने झालं.

विश्वास म्हटला की आपल्याला वाटतं, छातीत काहीतरी दाटून यायला पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी साधा शब्द आहे, भरोसा. बाजेवर अंग टाकतोस तेव्हा तू बाजेचा भरोसा करतोस. दोऱ्या मजबूत असतील तर भीत भीत बसलेला माणूसही खाली पडत नाही. तुला सावरणारा ख्रिस्त आहे. तुझ्या विश्वासाचं काम त्याच्यावर अंग टाकायचं.

अजून एक आठवतं. 2020 च्या फेब्रुवारीत कर्जमाफीच्या याद्या लागल्या तेव्हा माझ्या थोरल्या भावाचं नाव यादीत होतं. आधार प्रमाणीकरणाला मी त्याला घेऊन गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, उमटला नाही. पुसून ठेवला, उमटला नाही. आयुष्यभर निंदण, वेचणी, बैलाचा कासरा. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. भाऊ घाबरला, दातओठ खाऊन दाबायला लागला. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "बाबाजी, जोर नका लावू, फक्त ठेवा." शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं. कर्ज सुटलं. त्या बोटाने कर्ज फेडलं असं आमच्या घरात कोणीही म्हणालं नाही. फेडणारी सरकारी तिजोरी होती, बोटाने फक्त होकार दिला.

ही उपमा फार ताणू नकोस. त्या माफीला 2 लाखांची मर्यादा होती, अटी होत्या, आणि किती जण बाहेर राहिले हे तू आपल्याच गावात पाहिलंस. वधस्तंभावर ज्याचं आपण देणं लागत होतो त्यानेच ते स्वतःच्या अंगावर घेतलं. तिथं 18,000 ही मोठी रक्कम नाही आणि तुझं पाप यादीबाहेरचं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आमची ऋणे आम्हास सोड" असं म्हणतो. आपल्या भागातल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तुझं आजोळ कॅथलिक आहे, तिथं फादरांपुढे पापनिवेदन करतात, मग कोणाचं खरं, असंही तू विचारलंस. जर्मनीतल्या मार्टिन लूथरने 1517 साली वाद उभा केला तो क्षमा कशी मिळते याच प्रश्नाभोवती, आणि पुढे त्यावरून मंडळी फुटल्या. पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन, म्हणजे लूथरच्या मागे गेलेल्या मंडळींच्या, आणि कॅथलिक पुढाऱ्यांनी मिळून एका निवेदनावर सह्या केल्या. त्यात मान्य केलं की देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, माणसाच्या कोणत्याही पुण्याईमुळे नाही. बाकीचे मतभेद आहेत, ते असू दे. तुझ्या आजीशी यावर वाद घालत बसू नकोस.

पंडिता रमाबाईंचं मात्र वाच. 1896-97 च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवांना घेऊन जाणारी ती बाई. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान, एवढी धीट बाई, आणि पापाचं ओझं कुठं ठेवायचं हे कळायला तिलाही कित्येक वर्षं लागली. तू तर अजून एक पावसाळाही थांबला नाहीस.

आणि मन आजच शांत होईल असं धरून चालू नकोस. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आजारी पोराला घेऊन येतो आणि ओरडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. अर्धा भरोसा, अर्धी शंका. येशूने त्याला आधी विश्वास वाढवून ये म्हणून परत धाडलं नाही. पोरगा तिथंच बरा झाला. रात्री झोप नाही आली तर तेच वाक्य म्हण. त्यापेक्षा लांब प्रार्थना करायची गरज नाही. आणि ते उपास आता बंद कर. उपास वाईट नाहीत, पण तू ते हप्ते भरल्यासारखे करतो आहेस.

आता अवघड गोष्ट. क्षमा फुकट मिळाली म्हणून पैसे आपोआप परत आले नाहीत. सावकाराचं व्याज चालू आहे आणि ते तुझी आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊन भरते. बायबलातला जकातदार जक्कय येशूला म्हणाला की ज्याचं फसवून घेतलं त्याचं चौपट देतो, पण ते केव्हा? येशू त्याच्या घरी गेल्यावर. आधी त्याला स्वीकारलं, मग त्याचा हात मोकळा झाला. ही पायरी उलटी केलीस तर माझ्यासारखा वर्षानुवर्षं थैलीत पैसे टाकत बसशील.

मी त्या म्हाताऱ्याच्या गावी गेलो तेव्हा तो वारला होता. त्याचा मुलगा अंगणात पोती शिवत होता. मी सगळं सांगितलं, पैसे पुढे ठेवले. त्याने ते मोजले, खिशात घातले, आणि एक शब्द बोलला नाही. मग उठून आतून पाण्याचा गडवा आणून दिला आणि पुन्हा पोती शिवायला बसला. त्याने मला माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी परत येताना मी सायकल चालवत गाणं म्हणत होतो, कारण माझी क्षमा त्याच्या उत्तरावर टांगलेली नव्हती. ती आधीच झाली होती.

बाबांना आता तू सांगू शकत नाहीस. ते दुःख राहील, त्याला मी काही औषध देत नाही. पण आई आहे, आणि तो व्यापारीही आहे, ज्याच्यावर नाहक आळ आला. आधी आई. तिला सगळं एकदम सांग, आकड्यासकट. अर्धं सांगितलंस तर उरलेलं अर्धं तुला खात राहील. ती रडेल, कदाचित हातही उगारेल. तुझं तोंड लगेच बघायचं नाही म्हणेल. तरी सांग. वेचणीच्या मजुरीतून महिन्याला किती देता येतील ते कागदावर मांडून ने, म्हणजे नुसत्या शब्दांनी जाणार नाहीस.

रविवारी उपासना झाल्यावर थांब. तुझ्या घरापर्यंत आपण दोघं चालत जाऊ. तू आत जा, मी बाहेर निंबाखाली बसतो. कितीही वेळ लागला तरी बसतो.

तुझा
काकाजी