पहिला माल कोणता मागवायचा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. बाबांच्या मागे आपल्या बंदुकांच्या दुकानाचा परवाना तुझ्या नावावर झाला, हे ऐकून डोळे भरून आले. फोनवर तू विचारलंस, "काका, पहिला माल कोणता मागवू?" घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

आधी मागच्या भिंतीवरच्या दुनळी बंदुकांकडे बघ. तुझ्या आजोबांच्या काळी गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. विलायती बारा बोअरची दुनळी हातात घेऊन ती मंडळी मागच्या कुंद्याचं लाकूड चोळत बसायची, चहा व्हायचा, सौदा चौथ्या भेटीत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते गिऱ्हाईक ओसरत गेलं. 1980च्या दशकाच्या मध्यात दुकानांसाठी परदेशी बंदुकांची आयातही थांबली. मी मात्र पुढेही .315 बोअरच्या, म्हणजे तेवढे इंच रुंद नळीच्या, रायफली भरतच राहिलो, कारण त्या मला स्वतःला फार आवडायच्या. त्यांत अडकलेला पैसा मोकळा व्हायला दहा वर्षं गेली. तू ही चूक करू नकोस.

मग आली .32 रिव्हॉल्वर. सराफ, बांधकामवाले, एकट्या बंगल्यात राहणारे डॉक्टर, सगळे तेच मागायचे. .38 आणि 9 मिमी बोअर कायद्यानं सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे लहान हत्यार म्हणजे बहुतेक .32, आणि नवी रिव्हॉल्वर हवी तर तेव्हा बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्यातली. 2014 साली तिथूनच बायकांसाठी बनवलेली 'निर्भीक' रिव्हॉल्वर आली, वजन जेमतेम अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ती बघायला बायका पहिल्यांदाच आपणहून दुकानात आल्या. घेतली थोड्यांनीच, पण प्रत्येकीनं आधी वजन विचारलं, मग किंमत. पुरुष गिऱ्हाईक कधी वजन विचारत नसे. तेव्हापासून मी वजन पाठ ठेवू लागलो.

सगळ्यात जास्त मात्र 2019 नं शिकवलं. कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येणार असं ठरलं. तिसरं जमा करायला लोक आले. काय आणलं असेल? आजोबांची दुनळी. रिव्हॉल्वर कुणी सोडली नाही. विक्रीच्या वहीत जे वर्षानुवर्षं नीट दिसलं नव्हतं, ते त्या काही महिन्यांत जमा-वहीत स्पष्ट दिसलं. म्हणून बाबांच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाच. परवानाधारक वारल्यावर वारसांनी ठेवायला दिलेल्या बंदुकाही त्यात आहेत. तो माल आपला नाही, ती ठेव आहे. ती वेगळ्या कपाटात ठेव आणि महिन्याला तेलाचं फडकं फिरव.

आपल्या धंद्यात आवड थेट काउंटरवर येत नाही. परवान्यावर जे लिहिलंय तेच माणूस घेऊ शकतो, म्हणजे त्याचं मन ठरलं अर्ज करताना, कधी वर्षभर आधी. त्यामुळे नुसती चौकशी करायला येणाऱ्याला बसायला खुर्ची दे. तो काय विचारतो ते तारखेसह लिहून ठेव. आजरा-चंदगडकडचा शेतकरी रानडुकरांनी ऊस लोळवल्याचं सांगत येईल, त्याला दणकट एकनळी आणि वेळेवर काडतुसं हवीत, चकाकी नको. घाबरलेला माणूस आला तर त्या दिवशी काहीच दाखवू नकोस. घरी पोरंबाळं आहेत का, कुलुपाचं कपाट आहे का, हे विचार आणि आठवड्यानं बोलाव. यात विक्री बुडते, बुडू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिला माल एअर रायफलीच्या छर्ऱ्यांचा मागव.

आपलं दुकान कोल्हापुरात आहे. नेमबाज तेजस्विनी सावंत इथली, राही सरनोबत इथली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य जिंकलं. त्यानंतर बापांचा हात धरून येणारी बारा-तेरा वर्षांची पोरं मी मोजायचं सोडून दिलं. सरावाच्या 4.5 मिमी एअर रायफलीला ठरलेल्या शक्तीच्या आत परवाना लागत नाही. बंदूक माणूस जन्मात एकदा-दोनदा घेतो. छर्ऱ्यांचा डबा सराव करणारं पोर पुन्हा पुन्हा नेतं. पण नुसते "छर्रे द्या" असं ती म्हणत नाहीत. डोक्याचा व्यास 4.49 की 4.50, हे विचारतात, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, डबे मागतात, कारण लॉट बदलला की नेम सरकतो. बाबांना हे माहीत नव्हतं, मलाही एका आठवीतल्या मुलीनं शिकवलं. तुला ते यायलाच हवं. तू स्वतः महिनाभर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन उभी राहा, त्यांच्या प्रशिक्षकांशी बोल.

दर्शनी काचेतल्या दुनळ्या काढून तिथे एअर पिस्तूल, नेमबाजीचे हातमोजे, साफसफाईचं सामान मांड. दुनळ्या मागे जातील म्हणून आईला वाईट वाटेल. तिला सांग, आजोबांची एक तशीच भिंतीवर राहील, विकायची नाही.

मी पुढच्या महिन्यात येतोय. जमा-वही काढून ठेव, दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका